अँप्लिफायर बदलण्यापूर्वी खोलीकडे लक्ष द्यावे

संगीत ऐकण्याची आपली खोली १२ फूट लांब असून फरशी गुळगुळीत आणि भिंती उघड्या असतील, तर नवीन अँप्लिफायरपेक्षा खोलीवर खर्च करणे अधिक फलदायी ठरेल, असे मी आग्रहाने सांगेन. एवढ्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला ध्वनीची स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींवर आदळून एकाच जागी टिकून राहणारी लहर) निर्माण होते. त्यामुळे मागच्या भिंतीला टेकून बसल्यास खर्ज फुगलेला ऐकू येतो, तर खोलीच्या बरोबर मध्यावर तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून प्रथम खुर्ची मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फूट पुढे घ्यावी. याला काहीच खर्च नाही.

त्यानंतर आपण खुर्चीत बसून दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीलगत आरसा सरकवण्यास सांगावे, आणि आरशात जिथे स्पीकर दिसेल, म्हणजे जिथून आवाज परावर्तित होऊन कानांवर येतो, तिथे सुती कापडाने मढवलेले, ४ इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या तंतूंचे) पॅनेल लावावे. तबल्याच्या चाटीचा, म्हणजे कडेवरच्या बोलांचा, कडकपणा त्याने लगेच निवळतो. पॅनेलऐवजी भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. खर्जावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही आणि ते सहज पेट घेतात.