घुमट आरतीचे प्रसारण मध्येच का अडखळते?

प्रश्न : चतुर्थीचे पाचही दिवस आमच्या वाड्यावरील घुमट आरती (घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने होणारी आरती) आम्ही घरच्या संगणकावरून इंटरनेटवर थेट ऐकवतो. मुंबईतील व आखाती देशांतील आप्त ती आवर्जून ऐकतात. पन्नासेक श्रोते असेपर्यंत सारे सुरळीत चालते. शंभरी गाठली की सर्वांचाच आवाज तुटू लागतो. जोडणी 100 मेगाबिटची असताना असे का व्हावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : 100 मेगाबिट हा बहुधा डाउनलोडचा वेग असावा. प्रसारणाला अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग लागतो आणि अनेक घरगुती योजनांत तो बराच कमी असतो. आकाशवाणीच्या मनोऱ्याला श्रोता एक असो वा एक लाख, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याकडे ध्वनीची स्वतंत्र प्रत धाडावी लागते. प्रसारण सेकंदाला 128 किलोबिटचे असेल (यालाच बिटरेट म्हणतात), तर शंभर श्रोत्यांसाठी सेकंदाला 12.8 मेगाबिट अखंड हवेत. अपलोड 10 मेगाबिटचा असेल, तर अठ्ठ्याहत्तराव्या श्रोत्यापाशीच वाट भरते आणि त्यानंतर येणारा प्रत्येक जण आधीच्यांचाही आवाज तोडतो.

यावर उपाय असा की घरून एकच प्रवाह भाड्याच्या सर्व्हरकडे (मोठ्या क्षमतेच्या जोडणीवरील दूरच्या संगणकाकडे) पाठवावा आणि प्रती काढण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. त्यासाठी आइसकास्ट हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. खर्च मग माहितीच्या मापाने येतो. 128 किलोबिटला प्रत्येक श्रोत्यामागे तासाला सुमारे 58 मेगाबाइट लागतात, म्हणजे 150 श्रोते, रोज दोन तास आणि पाच दिवस धरले तर सुमारे 86 गिगाबाइट. सर्व्हर घेताना मासिक मर्यादा एवढी आहे ना, आणि ती ओलांडल्यास आकारणी कशी होते, हे आधी विचारून घ्यावे.

बिटरेट 64 वर आणला तर हा आकडा निम्मा होतो, परंतु एमपी3 या ध्वनी-स्वरूपात तसे केल्यास सर्वांत आधी कांसाळ्यांचा (मोठ्या झांजांचा) नाद चिरकतो, आणि कांसाळ्यांवाचून घुमट आरती ऐकणे मला तरी सोसत नाही. तुमचा मायक्रोफोन एकच असेल तर स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूचे दोन वेगळे आवाज) सोडून मोनो (एकच आवाज) घ्यावे, कारण दोन्ही बाजूंना तोच आवाज पाठवण्यात काही लाभ नाही. एमपी3ऐवजी एएसी हे ध्वनी-स्वरूप किंवा 2012 मध्ये प्रमाणित झालेले, स्वामित्वशुल्क नसलेले ओपस वापरावे. ओपस काही जुन्या फोनवर वाजत नाही, म्हणून वयस्कर आप्तांसाठी एएसी अधिक सोयीचे. मोनोमध्ये 64 किलोबिटला घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे तिन्ही स्पष्ट ऐकू येतील.

भाद्रपदातल्या पावसात वीज जाते, तेव्हा संगणकाबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर ठेवावा.