अतिवृष्टीत पीक गेलं, बँक पीककर्जाच्या पुनर्गठनावर सही मागते. करावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: भूम तालुक्यात सात एकर रान. पाच एकर सोयाबीन सप्टेंबर २०२५ च्या पाण्यात गेलं, दोन एकर ऊस लोळला. राष्ट्रीयीकृत बँकेचं २ लाख ४० हजारांचं पीककर्ज आहे आणि ते अजून थकलेलं नाही. शाखा म्हणते पुनर्गठनाच्या (म्हणजे पीककर्जाचं मुदती कर्ज करून ते हप्त्यांनी फेडण्याच्या) संमतीपत्रावर सही करा. गावातले म्हणतात सही केली की कर्जमाफीतून नाव कटेल.

भाऊ, मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी केली आहे. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो, कारणं मागून. पुढच्या हंगामाचं नवं पीककर्ज मिळणार असेल आणि तुमच्या महसूल मंडळाचं (म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं) नुकसान ५० टक्क्यांच्या वर धरलेलं असेल तर सही करा. या दोन्हींतली एक जरी गोष्ट नसेल तर घाई करू नका.

नव्या कर्जावर इतका जोर का, ते सांगतो. आपत्तीच्या वर्षी शेतकरी जुन्या कर्जाने बुडताना मी फार कमी पाहिला. तो बुडतो पुढच्या पेरणीला बँकेचं दार बंद झाल्यावर, कारण बियाणं आणि खत तर आणावंच लागतं आणि मग सावकार उरतो. तिथे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन रुपये, वर्षाचे छत्तीस टक्के. म्हणून पुनर्गठन, कर्जमाफी, विमा, काहीही असो, त्यानंतर जूनमध्ये बँकेतून पैसा उचलता येईल का, एवढं एक बघा.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये नैसर्गिक आपत्तीतल्या कर्जांसाठी एकत्रित निर्देश काढले, त्यांत असं होतं. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर पीककर्जाचं मुदती कर्जात रूपांतर करता येतं. ३३ ते ५० टक्के नुकसानीला जास्तीत जास्त दोन वर्षं, त्यात एक वर्ष सवलतीचं (म्हणजे हप्ता न भरण्याचं). ५० टक्के आणि पुढे पाच वर्षांपर्यंत, त्यातही पहिलं वर्ष सवलतीचं. आपत्ती जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत हे काम उरकायचं असतं. आपत्तीच्या दिवशी जे खातं थकीत होतं ते यात बसत नाही. तुमचं नियमित आहे, म्हणून तुमच्या हातात हा पर्याय आहे. जादा तारण मागू नये आणि नवं पीककर्ज द्यावं, हेही त्याच निर्देशांत लिहिलेलं आहे.

दोन वर्षांचा टप्पा नीट समजून घ्या, कारण त्यात माणसं फसतात. पहिलं वर्ष सवलतीचं गेलं की उरलेल्या एकाच वर्षात सगळं फेडायचं. तुमचं नुकसान ४० टक्के धरलं गेलं असेल तर एका खरिपाच्या बळावर २ लाख ४० हजार आणि व्याज भरावं लागेल. सात एकरांत ते होत नाही. अशा वेळी मी तरी सही करा म्हणणार नाही.

पाच वर्षांचा हिशेब मांडू. पहिलं वर्ष सोडलं तर चार हप्ते, मुद्दलाचे ६० हजार प्रत्येकी. सवलतीचा व्याजदर साधारणपणे पहिल्या वर्षापुरता असतो, पुढे बँकेचा नेहमीचा दर. तो नऊ टक्के धरला तर पहिल्या हप्त्याच्या वर्षी व्याजाचेच एकवीस-बावीस हजार होतात, म्हणजे ८० हजारांच्या पुढे भरणा. आता रानाकडून काय येतं? चांगल्या वर्षी एकरी सात क्विंटल धरा, पाच एकरांत ३५ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असला तरी आडतीवर पडतो तो भाव धरावा, ४,३०० म्हणू. दीड लाख आले. नांगरट, बियाणं, खत, फवारणी, खुरपणी, काढणी आणि मळणी मिळून एकरी १८ हजार गेले तर ९० हजार खर्च. उरले ६० हजार. सोयाबीन मुद्दलाचा हप्ता जेमतेम भागवेल. व्याज आणि घरखर्च उसावर किंवा रब्बीच्या हरभऱ्यावर. विहिरीला पाणी असून दुसरं पीक निघत असेल तर हे जमतं. नुसत्या खरिपावर असाल तर पाच वर्षांत एक वर्ष जरी पावसाने दगा दिला तरी हप्ता तुटेल. मराठवाड्यात पाच वर्षं सलग चांगली जातील असं मी धरणार नाही.

आणखी एक. आज तुम्ही मुदतीत भरलंत तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची तीन टक्के आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची तीन टक्के सवलत मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येतं. पुनर्गठन केलं की पुढच्या वर्षांत तो फायदा जातो. म्हणून घरातल्या पैशातून, विकलेल्या एखाद्या जनावरातून किंवा उसाच्या बिलातून भरता येत असेल तर भरणं स्वस्त पडतं. सावकाराकडून आणून मात्र भरू नका.

हे मुद्दाम सांगतोय, कारण मार्चमध्ये ‘नवं-जुनं’ (जुनं कर्ज उसन्या पैशाने भरून लगेच नवं उचलणं) करायला तुम्हाला कोणीतरी गाठेलच. सकाळी माणूस रोख घेऊन येतो, कॅश काउंटरवर तुमच्या नावाने भरतो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहतो. नवं कर्ज मंजूर होऊन खात्यावर पडलं की तुमच्याकडून विड्रॉलच्या स्लिपवर सही घेऊन मुद्दल आणि वर दिवसांचे पैसे घेऊन जातो. चार दिवसांत झालं तर ठीक. पण एका शाखेत (नाव सांगत नाही) भरणा करून घेतला आणि नव्या कर्जाच्या फायली तपासणीत अडकल्या. खाती निल, शाखेची वसुली पूर्ण, आणि लोकांच्या डोक्यावर सावकाराचं मीटर सुरू. पेरणी आली तरी काहींना रक्कम मिळाली नव्हती. त्याचा संताप मला आजही आहे.

कर्जमाफीचं म्हणाल तर सरकारने २०२५ मध्ये, ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असं सांगितलं होतं. निकष तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. मागचं तेवढं पाहता येतं. २०१७ च्या योजनेत दीड लाखांची मर्यादा होती आणि वरची रक्कम आधी भरावी लागली. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत २ लाखांपर्यंतची खाती घेतली, त्यावरची बाहेर. तुमचे २ लाख ४० हजार त्या वेळी बसलेच नसते. आणि त्याच योजनेत पुनर्गठित पीककर्ज धरलेलं होतं, म्हणजे सही केली की नाव कटतं हे निदान तेव्हा खरं ठरलं नाही. नियमित भरणाऱ्यांना पुढे ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कमही मिळाली. माफीच्या आशेवर खातं थकवलंत तर जूनचं कर्ज नक्की जातं आणि हातात येणारं अनिश्चित. माझं मत स्पष्ट आहे, ते करू नका.

विम्याची रक्कम या हिशेबात धरू नका. खरीप २०२५ साठी राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरच ठरते. ओढ्याकाठचं तुमचं रान वाहून गेलं आणि मंडळातली माळरानं बरी पिकली, तर सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या (भरपाईसाठी ठरवलेल्या पातळीच्या) वर राहते आणि तुम्हाला काहीच मिळत नाही. ई-पीक पाहणीत लावलेलं पीक आणि कर्जाच्या कागदावरचं पीक एकच आहे ना, तेही तपासा. ऊस जास्त दाखवून मर्यादा वाढवून घेतलेली असेल तर पंचनाम्याच्या वेळी तेच नडतं.

माती खरडून गेली असेल तर गोष्ट वेगळी. त्या तुकड्यावर पीककर्ज उचलून उपयोग नाही, पीक येणार कुठून? राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाखांपर्यंत काम जाहीर झालं होतं. पंचनाम्यात ‘पीक नुकसान’ एवढंच लिहिलंय की ‘जमीन खरडली’ हेही आहे, ते वाचून घ्या. नसेल तर तहसीलमध्ये लेखी हरकत द्या.

शाखेत जाण्याआधी मंडळाची नुकसानीची टक्केवारी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (म्हणजे आपल्या तलाठ्याकडून) विचारून घ्या. मग संमतीपत्रासोबत साध्या कागदावर अर्ज जोडा: ‘माझ्या पीककर्जाचं पाच वर्षांसाठी पुनर्गठन करावं आणि चालू पीककर्ज दराप्रमाणे नवं पीककर्ज मंजूर करावं.’ दोन्ही मागण्या एकाच अर्जात हव्यात. पुनर्गठन झालं की खातं एनपीए (बँकेच्या हिशेबात थकून अनुत्पादक ठरलेलं) होत नाही आणि शाखेचं काम भागतं, मग दुसरा कागद टेबलावर तसाच राहतो. हप्त्याची तारीख माल विकून पैसा हातात येईल अशी, जानेवारीनंतरची मागा. सोयाबीन काढणीच्या तोंडावर हप्ता असला की पडेल भावात विकावं लागतं.

अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नवं कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा आणि प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे द्या. बँकेकडे लेखी तक्रार केल्यापासून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, पण ती पोच लागते.