गुडघ्याची गादी झिजणं 'एपिजेनेटिक' आहे, मग ते मुलांना येणारच का?

तुम्ही विचारलंय की आईला डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितला, गादी झिजली म्हणाले, आणि हा आजार एपिजेनेटिक असल्याचं वाचून आता तुम्हाला स्वतःची काळजी लागलीय.

येणारच, असं नाही. एपिजेनेटिक म्हणजे जनुक तेच राहतं, पण ते चालू की बंद हे ठरवणाऱ्या त्याच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. मी अंबाजोगाईत जीवशास्त्र शिकवते. खुरपणी, कापूस वेचणी करून गुडघे धरलेल्या बायका आमच्याकडं घरोघरी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गादी म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. कॉन्ड्रोसाइट ही एकाच जातीची पेशी तिथला सगळा कारभार बघते. टाइप २ कोलॅजन आणि ॲग्रेकॅन ही गादीची प्रथिनं बनवून गादी राखते. गादी कुरतडणाऱ्या विकरांची (एन्झाइम्सची) जनुकंही तिच्याकडं असतात, पण त्यांच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, बसलेले असल्यानं ती गप्प राहतात. २००५ साली साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी दाखवलं की आजारी पेशींत एमएमपी-१३, एडीएएमटीएस-४ अशा विकरांच्या जनुकांवरचे ठरावीक मिथाइल गट निघून गेलेले असतात. खुब्याच्या आजारी कूर्चेत सॉक्स-९ या गादी घडवणाऱ्या जनुकावर मात्र ते वाढलेले सापडले. म्हणजे गादी नुसती घासून जात नाही. तिची राखणदार पेशीच तिला खायला लागते.

आता एक अडचण. तपासलेली कूर्चा बहुतेक वेळा सांधाबदलाच्या ऑपरेशनात काढलेली असते, आजार टोकाला गेल्यानंतरची. आधी खुणा बदलल्या की आजारानं त्या बदलल्या, हे तिच्यावरून ठरत नाही. प्रयोगशाळेत निरोगी पेशींना दाह वाढवणारे रेणू दिले, तर काही मिथाइल गट उतरतात. त्यामुळं दाह हेही कारण असावं, असं मला वाटतं.

आईच्या गुडघ्यातल्या या खुणा तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण कूर्चेची पेशी काही बीजांडात जात नाही. जीडीएफ-५ सारख्या जनुकातला फरक वारशानं येतो, पण त्यानं धोका थोडाच वाढतो. वजन, गुडघ्याची जुनी इजा, वर्षानुवर्षं उकिडवं बसून काम, हे तुमच्या बाबतीतही बघा.

या खुणा पूर्ववत करणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. 'जनुकं सुधारणारी' पावडर कुणी विकत असेल तर कृपा करून पैसे घालवू नका. आईला फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकवून घ्या, ते नेमानं केले की दुखणं खरंच कमी होतं. शेत सुटत नसेल तर कापूस-सोयाबीनच्या ओळींत बसून खुरपण्याऐवजी उभ्यानं चालवायचं चाकाचं कोळपं घ्या.