चूक माझी, मग विमा किती महागणार?

प्रश्न : वळण घेताना माझ्याच चुकीने गाडी भिंतीला घासली. पुढचा बंपर आणि एक हेडलाइट बदलावा लागेल. गॅरेजने रंगकामासह २२,५०० रुपये सांगितले आहेत. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे (माझ्या गाडीचे आणि दुसऱ्याचे नुकसान, दोन्ही त्यात येते) आणि सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, मिळतो. चूक माझी असल्यामुळे प्रीमियम जास्त वाढेल का? क्लेम करावा का?

चूक कोणाची, हे आपल्याकडे बोनस ठरवताना पाहिलेच जात नाही. पाहतात ते एवढेच, की तुम्ही तुमच्या पॉलिसीतून नुकसानभरपाई घेतली का. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कोणी ठोकले आणि दुरुस्ती तुम्ही स्वतःच्या विम्यातून करून घेतली, तरी बोनस तितकाच जातो. त्यामुळे चूक कोणाची याचा विचार सोडा, हिशेबाचा करा.

बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरलेल्या, प्रीमियमवर मिळतो. क्लेमशिवाय एक वर्ष गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. एक क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य.

तुमचा ओन डॅमेज प्रीमियम बोनस वजा करण्याआधी १०,००० रुपये आहे असे धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ५,५०० आणि त्यानंतर दरवर्षी ५,००० भराल. क्लेम केलात तर आकडे असे होतील : १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५००. पाच वर्षांतला फरक ४,५०० अधिक ३,००० अधिक २,५०० अधिक १,५०० अधिक ५००, म्हणजे १२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,१६०. गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी भरेल. पण क्लेमनंतर काही कंपन्या आपली वेगळी सूटही कमी करतात, तेव्हा हाच आकडा धरून चालणे बरे.

आता हातात काय पडेल ते पाहा. बंपर ८,००० आणि हेडलाइट ९,००० चा धरू. दोन्ही प्लास्टिकचे. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) कापतात, म्हणून मिळतील ८,५००. फिटिंगची मजुरी १,५०० पूर्ण मिळेल. रंगकामाच्या ४,००० पैकी चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याचा निम्मा कापतात, म्हणजे मिळतील ३,५००. झाले १३,५००. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, जाते : १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००. लहान इंजिन असेल तर हाती येणार १२,५००. आणि जादा प्रीमियम जाणार १४,१६०. म्हणजे साडेबावीस हजारांच्या बिलावरही क्लेम तोट्याचा.

झीरो डेप, म्हणजे घसारा माफ करणारे जादा संरक्षण (ॲड-ऑन), घेतले असेल तर उत्तर उलटे. घसारा कापला जात नाही, साधारण २१,५०० मिळतील आणि क्लेम फायद्याचा ठरेल. तेव्हा आधी पॉलिसीच्या ॲड-ऑनच्या रकान्यात झीरो डेप आहे का ते बघा, आणि गॅरेजकडून भाग, मजुरी व रंग वेगवेगळे लिहिलेले एस्टिमेट मागा. एका ओळीतल्या एकूण रकमेवरून हा हिशेब निघत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीमुळे स्कूटरवाल्याला मार लागला. त्याने दावा केला तर माझा थर्ड पार्टी प्रीमियम वाढेल का? जागेवरच पैसे देऊन मिटवले तर?

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या विम्याचा, दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांत खासगी कारसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे टप्पे होते. यात तुमच्या अपघाताचा इतिहास कुठेच येत नाही. कितीही चूक असली तरी हा भाग त्यामुळे वाढत नाही.

पैसे देऊन मिटवण्याची घाई मात्र करू नका. जखमीला दवाखान्यात पोचवा, तो खर्च करायला कोणाचीच हरकत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणे आणि विमा कंपनीला माहिती देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, रक्कम द्यायची नाही की आश्वासन द्यायचे नाही, अशी अट पॉलिसीतच छापलेली असते. आज पाच हजार घेऊन गेलेला माणूस उद्या फ्रॅक्चरचा अहवाल घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेला, तर त्या तोंडी तडजोडीचा तुम्हाला काही उपयोग नाही, आणि कंपनीला अटीच्या भंगावर बोट ठेवायला जागा मिळते.

खरा धोका प्रीमियमचा नाहीच. चालकाकडे वैध लायसन्स नसेल, तर कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही खासगी कारच्या पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. इजा किंवा मृत्यूला अशी मर्यादा नाही.

प्रश्न : क्लेम झाला आहे. कंपनी बदलली तर जुना बोनस सांगून चालेल का?

चालणार नाही, आणि हे करूच नका. नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही बोनसचे प्रतिज्ञापन देता. ते खोटे निघाले तर ओन डॅमेजचे सगळे लाभ रद्द होऊ शकतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, आणि अनेकदा हे उघडकीला येते ते पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळीच. दोन हजार वाचवायला गेलेल्या माणसाचे दोन लाख अडकतात.

प्रश्न : याच पॉलिसी वर्षात आधी एक क्लेम झाला आहे. आता दाराला चेपा पडला. पुन्हा क्लेम केला तर?

बोनस आधीच शून्य झाला आहे, त्यामुळे या वर्षातल्या दुसऱ्या क्लेमने तो आणखी जात नाही. सक्तीची वजावट मात्र पुन्हा कापली जाईल, कारण घटना वेगळी आहे. जुना ओरखडा आणि नवा चेपा एकाच अपघातात दाखवू नका. गंजाची कड आणि धूळ बसलेला पत्रा सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) लगेच दिसतो. झीरो डेप असेल तर वर्षातून किती क्लेम चालतात तेही बघा, बऱ्याच पॉलिसींत दोनची मर्यादा असते.

प्रश्न : बोनस वाचवणारे ॲड-ऑन घ्यावे का?

बोनस ४५ किंवा ५० टक्क्यांवर असेल आणि गाडी रोज गर्दीत चालत असेल तर घ्या. २० टक्क्यांवर असाल तर वाचवण्यासारखे फारसे नाही. वर्षात किती क्लेमपर्यंत संरक्षण आहे, ते घेण्याआधी वाचा. आणि लक्षात असू द्या, हे ॲड-ऑन बोनसची टक्केवारी राखते, मूळ प्रीमियम वाढणार नाही याची हमी देत नाही.

गाडी विकत असाल तर बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या, ते तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटू दिलेत, तर मात्र एकही क्लेम नसताना साठलेला सगळा बोनस जातो.