गल्लीतल्या दिव्यांसाठी कुणाकडे जायचं?

प्रश्न : आम्ही वर्तकनगरला राहतो. मुली रात्री क्लासवरून येतात त्या गल्लीत दोन नवे दिवे हवेत. पोलीस चौकीत सांगितलं, तर "पालिकेत जा" म्हणाले. असं का? – एक गृहिणी, ठाणे

उत्तर : ताई, पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, ते महापालिकेच्या हाताखाली नसतात. रस्ता आणि त्यावरचा दिवा मात्र पालिकेचा. म्हणून दोन अर्ज करा. पोलिसांकडे क्लास सुटण्याच्या वेळी गस्त मागा, दिव्यांचा अर्ज प्रभाग समितीत, म्हणजे तुमच्या भागाच्या पालिका कार्यालयात द्या. प्रत नगरसेवकांना द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता पैशांचं. महापालिका अधिनियम १९४९ नुसार आयुक्त अर्थसंकल्पाचा अंदाज स्थायी समितीपुढे (खर्च पाहणारी, निवडक नगरसेवकांची समिती) ठेवतात, समिती त्यात बदल सुचवते आणि मंजुरी महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, देते. नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण आकडे त्याआधी कित्येक महिने जुळवले जातात. माझी नोकरी लेखा शाखेत गेली, म्हणून कळकळीने सांगतो: मार्चमध्ये आलेली मागणी, कितीही रास्त असो, बहुधा पुढच्या वर्षावर जाते. दिवाळीच्या सुमारास अर्ज द्या. दोन दिवे असलेल्या तरतुदीतूनही बसू शकतात, तेही विचारा.

अर्जात "अंधार आहे" एवढंच लिहू नका. कुठल्या दोन खांबांमध्ये, किती वाजता, कोण ये-जा करतं, हे लिहा. सोसायट्यांच्या सह्या जोडा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मुलींच्या वाटेवर उजेड मागणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.