वाचकांचे प्रश्न : नर्मदेकाठी दोघी मैत्रिणी

प्रश्न : आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी असून दोघींनीही साठी ओलांडली आहे. गेल्या वर्षी एका सहलीत आम्ही चार दिवसांत अकरा ठिकाणे पाहिली. मैत्रिणीचे गुडघे सुजले, मी मात्र ‘एवढे एकच राहिले’ म्हणत तिला ओढत राहिले आणि परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकींशी धड बोललोही नाही. यंदा दिवाळीनंतर तीन दिवस जबलपूरला जावे, असे मनात आहे. मला पाहायला आवडते, तिला नदीकाठी बसायला. हे जमेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जमेल, आणि त्यासाठी जबलपूरइतके सोयीचे शहर नागपूरकरांना जवळपास दुसरे नाही. मोटारीने सिवनी, लखनादौनमार्गे हे अंतर पाऊणतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण गुडघ्यांचा विचार करता अमरावती–जबलपूर ही रात्रीची गाडी मला अधिक बरी वाटते, कारण ती इटारसीवरून वळसा घेत असली तरी आडवे होऊन जाता येते.

पहिल्या दिवशी काहीही ‘पाहू’ नका. दुपारी विश्रांती घ्या आणि ऊन उतरले की ग्वारीघाटावर जाऊन बसा. पाण्यात उभे असलेले नर्मदेचे छोटे मंदिर, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा, तिकडे ये-जा करणाऱ्या नावा आणि अंधार पडल्यावरची आरती, हे सगळे एका पायरीवर बसून दिसते. तेथे आपल्याला परिक्रमावासीही भेटतील. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालणारी ही माणसे परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नदी ओलांडत नाहीत; त्यांच्याशी ‘नर्मदे हर’ म्हणून बोलायला सुरुवात केली, तर आपल्या मैत्रिणीची संध्याकाळ कशी सरली, हे तिलाही कळणार नाही.

दुसरा दिवस भेडाघाटासाठी ठेवा. शहरापासून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघालात तर गर्दी टळेल. धुवांधार धबधबा भर पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जवळजवळ दिसेनासा होतो आणि संगमरवरी कड्यांमधली नौकासफरही त्या काळात बंद असते, म्हणून आपण निवडलेले दिवस अगदी योग्य आहेत. धबधब्याजवळच्या रोपवेमुळे आपल्या मैत्रिणीला फारसे न चालता तो वरून पाहता येईल. पंचवटी घाटावर नावेपर्यंत उतरायला पायऱ्या आहेत. तेथे तिचा हात धरा आणि घाई करू नका. नावाडी यमके जुळवत कड्यांची वर्णने करतात, ती ऐकण्यासारखी असतात.

चौसष्ट योगिनी मंदिराबद्दल मात्र मला स्पष्टच सांगायचे आहे. कलचुरींच्या काळातले, दहाव्या शतकाच्या सुमाराचे हे गोलाकार मंदिर आपल्यासारख्या पाहणाऱ्या व्यक्तीने चुकवू नये. भोवतालच्या ओवऱ्यांतल्या बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी त्यांचे दागिने आणि वाहने निरखण्यात तास सहज जातो. मधल्या मंदिरात नंदीवर आरूढ झालेले गौरीशंकर आहेत. पण तेथे चढण बरीच आहे. आपण एकट्याच वर जा आणि मैत्रिणीला खाली सावलीत चहा घेऊ द्या. तिला सोडून गेल्याचे वाईट वाटून घेऊ नका, आणि खाली आल्यावर ‘तू काय चुकवलेस’ हे वाक्य कृपा करून तोंडातून काढू नका. गेल्या वर्षी मला वाटते गुडघ्यांपेक्षा ओढाओढीनेच ती अधिक दमली असावी. दोघींनी सतत सोबतच असले पाहिजे, हा हट्ट सोडलात की रात्री एकमेकींना सांगायलाही काही उरेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपण मदनमहालाची टेकडी आणि तिथली एकावर एक तोललेली शिळा पाहून या. 1997 च्या भूकंपातही ती ढळली नाही. येताना मैत्रिणीसाठी कमानिया गेटजवळून खव्याची जिलबी आणा, गरम असतानाच. परतीचे तिकीटही रात्रीचेच काढा, म्हणजे निघण्यापूर्वी पुन्हा एकदा ग्वारीघाटावर बसता येईल.