सुऱ्या वर्षभरातच बोथट झाल्या, नवा महाग संच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सहा सुऱ्यांचा संच घेऊन वर्षही झालं नाही, आणि आता टोमॅटो कापायचा तर तो आधी चेपतो. आणखी महागडा संच घ्यावा का, असं विचारलंय. घेऊ नका. नवा संचही त्याच ड्रॉवरमध्ये पडणार आणि त्याचीही तीच गत होणार.

आधी ड्रॉवर उघडून बघा. सुऱ्या चमच्यांच्या गर्दीत मोकळ्या लोळत असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. धार म्हणजे पात्याची अगदी पातळ कड, ती धातूवर आपटली की दुमडते. उरलेलं अर्धं उत्तर तुम्ही कशावर कापता त्यात आहे. काच, ग्रॅनाइट, स्टीलची ताटली यांच्यावर कापलंत तर कोणतीच धार टिकत नाही. लाकूड किंवा मऊ प्लॅस्टिकच हवं. आणि चिरलेलं गोळा करताना सुरी उलटी करून पाठीनं ढकला. धारेनं खरवडायची सवय माझीही फार उशिरा सुटली.

आता धार. ओढून धार लावायची छोटी यंत्रं मिळतात, त्यांच्या खाचेतून सुरी दोनचारदा ओढली की काम झालं. घाईत ठीक आहे, पण ती धातू फार खातात आणि कड खडबडीत ठेवतात. त्यापेक्षा १००० ग्रिटचा एक दगड घ्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक). ४०० चा फक्त पात्याला कपच्या उडाल्या असतील तरच लागतो, आणि ३००० च्या पुढचे ज्यांना छंद लागतो त्यांच्यासाठी. काही दगड आधी पाण्यात भिजवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडलं तरी चालतं. ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

सगळ्यांची गाडी पातं आणि दगड यांच्यातल्या कोनापाशी अडते. साधारण १५ ते २० अंश म्हणतात, पण अंश डोळ्याला दिसत नाहीत. पातं ४.५ सेंटिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून जेमतेम १२ मिलिमीटर वर धरायची. तेवढी जाडी होईल अशी नाण्यांची चळत शेजारी ठेवून नजर बसवा.

पहिल्यांदा मी अर्धा तास घासत बसले होते आणि सुरी जशीच्या तशी. दगडच खोटा निघाला म्हणून चडफडले. मग धारेलगतच्या पट्टीवर काळ्या मार्करनं रंग दिला आणि चार हात घासून पाहिलं. वरचा रंग गेला होता, पण अगदी कडेशी बारीक काळी रेघ तशीच होती! म्हणजे मी इतका वेळ धारेच्या वरचा भाग घासत होते, कडेला दगड लागतच नव्हता. पाठ जराशी उचलली आणि पाच मिनिटांत काम झालं.

झालं हे कळतं कसं? एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची केसासारखी खरखरीत कड उठते. कारखान्यात तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेनं बाहेर सरकवा (धारेच्या लांबीवरून मुळीच नको), कडेशी तो किंचित अडकेल. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे अडकला की मगच बाजू बदला. दुसऱ्या बाजूनंही तसंच, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून अगदी हलके हात, म्हणजे बर झडून जाते. कागद हवेत धरून कापा. न अडखळता गेली तर झालं, अडखळली तर त्या जागी बर राहिलीय.

संचासोबत येणारी लांब सळई धार लावत नाही, दुमडलेली कड सरळ करते. म्हणून ती अधूनमधून चारपाच वेळा फिरवायची. रॉकवेल कठीणपणा (पोलाद किती कठीण ते सांगणारं माप) ६० च्या वरच्या पात्यांना मात्र रेघांची स्टीलची सळई नको, त्यांच्या कपच्या उडतात.

कधी विकत घ्यायचीच झाली तर संच नको. २० सेंटिमीटरची एक मोठी, एक छोटी आणि पावासाठी दातेरी, बस. ५६ ते ५८ कठीणपणाचं स्टेनलेस चुका पोटात घालतं. कार्बन स्टील घासायला सुखाचं, पण ओलं राहिलं की गंजतं. सिरॅमिक मी घेणार नाही, पडलं की तुटतं. मूठ हातात धरून बघितल्याशिवाय कुठलीच घेऊ नका.

ठेवायला चुंबकाची पट्टी उत्तम. लावताना आधी पाठ टेकवायची, मग पातं, आणि काढताना उलट क्रम. ड्रॉवरच हवा असेल तर जाड पुठ्ठा दुमडून, चिकटपट्टी लावून म्यान करा. डिशवॉशर नको. सुरी धुऊन, लगेच पुसून ठेवा. फेसाच्या पाण्यात बुडवून तर कधीच सोडू नका, मागून हात घालणाऱ्याला ती दिसत नाही. आमच्याकडे तो हात माझाच होता, आणि सुरीला धारही मीच आदल्या दिवशी लावली होती.